परक्या मैदानावरील पहिली स्पर्धा

(पनवेल येथील वार्षिक संमेलनात क्रीडासमितीच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या संमेलनातील भाषणे सामान्यतः शिक्षणनिधी, वसतिगृह आणि वधूवरसूची ह्या विषयांभोवती फिरतात, आणि ते योग्यच आहे. आज कार्यकारी मंडळाने आम्हांस खेळांविषयी बोलण्याची आज्ञा केली आहे, ती एका विशेष कारणाने. येत्या हिवाळ्यात आपल्या मुलांचा एक आणि मुलींचा एक, असे कबड्डीचे दोन संघ प्रथमच जिल्ह्याबाहेर, घाटावर, खेळावयास जाणार आहेत. आरंभीचे सामने एका गावी बंदिस्त सभागृहात होतील, पुढचे सामने दुसऱ्या गावी उघड्यावर, दिव्यांच्या प्रकाशात होतील. दोन्ही ठिकाणी खेळ मॅटवर आहे. दोन्ही मैदाने आपल्या एकाही खेळाडूने पाहिलेली नाहीत.

ह्या प्रवासाच्या खर्चाचा ठराव आज दुपारी मंडळापुढे येणार आहे. त्याचा आशय असा की, यंदाचा खर्च संस्थेने करावा, आणि पुढील वर्षीचा विचार यंदाच्या निकालावरून करावा. वरवर पाहता हा ठराव शहाणपणाचा वाटतो. पैसा समाजाचा आहे, तो जपून खर्चावा, ही वृत्ती आपल्या वडीलधाऱ्यांनीच आपणांस शिकविली. तथापि ह्या ठरावाच्या उत्तरार्धास आमची नम्र हरकत आहे. परक्या मैदानावरील पहिल्या स्पर्धेत विजय मिळाला तर आनंदच आहे; परंतु त्या स्पर्धेचे खरे फळ म्हणजे ते मैदान शिकून येणे होय, आणि ते फळ हाती येते ते दुसऱ्या खेपेस. पहिल्या खेपेच्या निकालावर दुसरी खेप अवलंबून ठेवणे म्हणजे रोप लावून पंधरा दिवसांनी आंबे मोजावयास जाण्यासारखे आहे. आमचे हे म्हणणे आपणांस पटावे, एवढ्यासाठीच हे भाषण आहे.

प्रथम आपल्या स्वतःच्या मैदानाचा विचार करू. आपली मुले लहानपणापासून मातीत खेळली. पनवेलच्या आसपासच्या गावांत भाताची कापणी झाली की मोकळ्या झालेल्या खाचरांत किंवा देवळापुढच्या पटांगणात मैदान आखले जाते. ढेकळे फोडावयाची, पाणी मारावयाचे, माती चोपावयाची, फक्कीने रेषा ओढावयाच्या. रायगड जिल्ह्यात ह्या खेळाचे वेड किती आहे, हे आपणांस सांगावयास नको. अलिबागपासून कर्जतपर्यंत कोठेही जा, हिवाळ्याच्या रात्री कोठे ना कोठे सामना रंगलेला असतोच. अशा मातीने आपल्या मुलांस चपळ केले, निर्भय केले, त्यांचा दम वाढविला. पण त्याच मातीने त्यांच्या अंगी काही सवयी अशा मुरविल्या आहेत की, त्या सवयी आहेत ह्याची त्यांना जाणीवही नाही. घरचे मैदान आपणांस शिकविते, आणि आपण शिकत आहो हे कळू देत नाही. परके मैदान पायाखाली आले म्हणजेच ते ध्यानात येते.

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. सबबी सांगणाऱ्यास ती बरोबर लागू पडते. परंतु ह्या म्हणीची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते. ज्यास उत्तम नाचता येते, तो नाच सुरू होण्यापूर्वी अंगणात दोन फेऱ्या मारून ते कोठे वाकडे आहे हे पायाने पाहून घेतो. नंतर तो अंगणास दोष देत नाही. त्यास तशी गरजच उरत नाही. परक्या मैदानाच्या तयारीचे सारे सार ह्यात आले.

ही गोष्ट अधिक स्पष्ट व्हावी म्हणून आम्ही आपल्यापुढे एक दूरदेशीचा खेळ ठेवतो. समुद्रकिनाऱ्यावर मुले प्लॅस्टिकची चकती एकमेकांकडे फेकतात, ती 'फ्रिस्बी' आपण पाहिलीच असेल. त्या चकतीचा अमेरिकेत 'डिस्क गोल्फ' नावाचा खेळ झाला आहे. एड हेड्रिक ह्या गृहस्थाने 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात त्याचे पहिले कायम स्वरूपाचे मैदान आखले आणि 1976 मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन केली. साखळ्या लोंबत असलेली एक टोपली खांबावर बसविलेली असते. ठरलेल्या जागेवरून चकती फेकीत फेकीत, जितक्या कमी फेकींत साधेल तितक्या फेकींत, ती टोपलीत टाकावयाची. अशा बहुधा अठरा टोपल्या. ज्याच्या एकूण फेकी सर्वांत कमी, तो जिंकला.

ह्या खेळात प्रतिस्पर्धी आपल्या अंगास हात लावीत नाही, आपली वाट अडवीत नाही. वाट अडविते ते मैदान. कोठे झाडी दाट, कोठे उतार, कोठे तळे. हद्दीबाहेर चकती गेली की एका फेकीचा दंड. समोरून वारा असला की चकती वर उचलली जाते आणि तिचे वळणही बदलते. पाठीमागून वारा असला की ती लवकर खाली बसते. घरच्या मैदानावर डोळे मिटून टोपली गाठणारा खेळाडू दुसऱ्या मैदानावर नवशिक्यासारखा भांबावतो, कारण प्रत्येक मैदान वेगळे असते.

म्हणून ह्या खेळातील जाणते खेळाडू स्पर्धेच्या एक-दोन दिवस आधी त्या गावी जातात आणि सारे मैदान पायी फिरतात. प्रत्येक टोपलीशी थांबून ते वहीत टिपण करतात: येथून पुढचे दिसत नाही, येथे डावीकडे धोका आहे, येथे फेक आखूड पडली तरी चालेल, पण लांब जाता कामा नये. मग ते सरावाची एक फेरी खेळतात. आणि त्या फेरीत किती फेकी लागल्या ह्याची त्यांना चिंता नसते, कोणती फेक कोठे पडते एवढेच ते पाहतात. नवी चकती विकत घेऊन ते स्पर्धेस जात नाहीत. हाताच्या ओळखीच्या चार चकत्याच बरोबर नेतात. आणि जेथे अंदाज येत नाही, तेथे पराक्रम दाखविण्याऐवजी हमखास साधणारी फेक निवडतात. मुलांनो, ह्या खेळाचे नाव विसरलात तरी चालेल, पण ही पद्धती विसरू नका. कबड्डीत मैदान आणि समोरचे सात खेळाडू असे दोन प्रतिस्पर्धी एकदम अंगावर येतात. त्यांपैकी पहिल्याचा निकाल शिटी वाजण्यापूर्वीच लावून ठेवता येतो.

आता मॅट आणि माती ह्यांतील भेद पाहू. मातीवर चढाई करणारा खेळाडू झटक्यात वळतो तेव्हा त्याचे पाऊल किंचित घसरते. हे घसरणे त्याच्या हिताचे असते. वळण्याचा पीळ माती आपल्या अंगावर घेते. मॅटवर बूट घातलेले पाऊल जेथे टेकले तेथे चिकटून बसते. शरीर फिरले आणि पाऊल फिरले नाही, तर तो सारा पीळ गुडघ्यातील अस्थिबंधांवर येतो. मातीवर वर्षानुवर्षे खेळलेला उत्तम खेळाडू मॅटवर पहिल्याच दिवशी गुडघा दुखावून घेतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. ह्यावर उपाय म्हणजे लहान पावलांनी, गुडघा वाकवून, टाच उचलून वळण्याची सवय. ही सवय एका दिवसात लागत नाही. तिला आठवडे लागतात.

पकडीचेही तसेच. आपला कोपऱ्यातील खेळाडू चढाईपटूच्या घोट्यावर झेपावतो तेव्हा मातीवर तो हातभर पुढे सरकत जातो, आणि त्या सरकण्याचा हिशेब त्याच्या अंगात बसलेला असतो. मॅटवर तो पडेल तेथेच थांबतो, आणि हात घोट्यापासून वीतभर अलीकडे राहतो. शिवाय कोपर आणि गुडघा सोलवटून निघतो, ते निराळेच. खेळ तापला की मॅटवर घामाचे थेंब पडतात, आणि मघाशी चिकटणारी तीच जागा निसरडी होते. म्हणून घाम वेळोवेळी पुसून घेण्याची विनंती पंचांस करावी, हेही खेळाडूस ठाऊक पाहिजे.

तिसरी गोष्ट रेषांची. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद, आणि महिलांचे 12 मीटर लांब व 8 मीटर रुंद, हे माप माती असो की मॅट असो, एकच. पण आपल्याकडे दुसऱ्या डावापर्यंत फक्कीच्या रेषा पायांखाली पुसट होतात, आणि वाद झाला तर गावातील जुना खेळाडू सांगेल ते सारे मान्य करतात. मॅटवरील रेषा पुसली जात नाही. अंगठा बाहेर गेला तर तो गेलाच. चढाईची 30 सेकंदे मोजणारे घड्याळ कोणाची भीड धरीत नाही. हल्ली अनेक स्पर्धांत सलग दोन चढाया गुणाविना गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. गावच्या सामन्यात दम राखून वेळ काढणारा आपला चतुर खेळाडू अशा ठिकाणी गोंधळून जातो. त्याची चतुराई खोटी नसते. ती दुसऱ्या अंगणातील असते, एवढेच.

ह्यावर कोणी म्हणेल की, एवढे कठीण असेल तर आपल्या मुलांनी जावेच कशाला? ह्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातील एका थोर मल्लाच्या चरित्रात आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव हे मातीच्या आखाड्यात वाढलेले पैलवान. त्यांचे वडीलही पैलवान. 1948 मध्ये खाशाबा लंडनच्या ऑलिम्पिक स्पर्धेस गेले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासास साहाय्य केले होते. तेथे कुस्ती मातीत नव्हती, गादीवर होती. नियम परके, गुण देण्याची रीत परकी. अशा स्थितीत रीस गार्डनर ह्या परदेशी प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली ते लढले आणि आपल्या वजनगटात सहावे आले. पदक मिळाले नाही.

आता विचार करा. 'पुढील विचार यंदाच्या निकालावरून करावा' असे त्या वेळी सर्वांनीच ठरविले असते, तर काय झाले असते? खाशाबांनी तसे ठरविले नाही. गादीवर काय लागते हे ते पाहून आले होते. पुढील चार वर्षे त्यांनी त्या ज्ञानावर मेहनत घेतली. 1952 मध्ये हेलसिंकी येथे जावयाची वेळ आली तेव्हा पैशाची अडचण उभी राहिली. त्या वेळी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर ह्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे करून दिले. खाशाबा गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील ते पहिले ऑलिम्पिक पदक होय. गावकऱ्यांनी शंभराहून अधिक बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली. मिरवणूक 1952 ची सर्वांच्या स्मरणात राहिली. पण तिचा पाया 1948 च्या सहाव्या क्रमांकात घातला गेला होता. प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले ते दुसऱ्या खेपेसाठी, हे आम्ही मंडळाच्या ध्यानात आणून देऊ इच्छितो.

हेलसिंकीची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तेथे खाशाबांना एका कठीण लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता लगेच दुसऱ्या लढतीस उतरावे लागले. दोन लढतींच्या मध्ये नियमाने अर्ध्या तासाची विसावण्याची सवड हवी होती. परंतु ते ठासून सांगावयास त्या वेळी त्यांच्या बाजूचा कोणीही अधिकारी तेथे नव्हता, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात नमूद आहे. ह्यातून घेण्याजोगा बोध स्पष्ट आहे. खेळाडूने खेळावे आणि नियमांचे पुस्तक दुसऱ्या कोणी सांभाळावे. आपल्या संघांबरोबर जाणारा मनुष्य केवळ सामान मोजणारा आणि तिकिटे काढणारा नसावा. तो नियम जाणणारा असावा.

दुसरे उदाहरण एका समाजाचे आहे, म्हणून ते आपणांस अधिक जवळचे वाटेल. मुंबईच्या पारशी समाजाने 1886 मध्ये आपला क्रिकेटसंघ प्रथमच इंग्लंडला पाठविला. त्या काळी असा प्रवास म्हणजे बोटीने आठवडेच्या आठवडे. तेथील खेळपट्टी ओलसर, हवा थंड, चेंडू हवेत आणि जमिनीवरून वेगळाच वळणारा. त्या संघाने 28 सामने खेळले. त्यांपैकी एकच जिंकला, 19 गमावले आणि 8 अनिर्णित राहिले. अठ्ठावीसांत एक! समाजाने हिशेबाची वही पुढे ओढून 'आता पुरे' म्हणावे, असाच तो निकाल होता. परंतु दोनच वर्षांनी, 1888 मध्ये, दुसरा संघ गेला. ह्या खेपेस 31 सामन्यांपैकी 8 जिंकले, 11 गमावले आणि 12 अनिर्णित राहिले; डॉक्टर मेहेलाशा पावरी ह्या गोलंदाजाने त्या दौऱ्यात 170 बळी घेतले. पुढे 1890 च्या जानेवारीत इंग्लंडहून व्हर्नन ह्यांचा संघ मुंबईस आला, तेव्हा पारशी संघाने त्यास चार गडी राखून हरविले. पहिल्या खेपेचे अनुभव समाजापाशी राहिले, वाया गेले नाहीत. म्हणून ही चढती कमान दिसली.

मुलींच्या संघाविषयी काही पालकांच्या मनात शंका आहेत, त्यांच्यासाठी एक ताजे उदाहरण सांगतो. 2018 मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत महिलांच्या कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारतास 27–24 असे हरविले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या मातीतला खेळ परदेशातील मुली शिकल्या, मॅटवर घोटला, आणि ज्या देशात तो जन्मला त्या देशास त्यांनी मागे टाकले. खेळ कोणाच्या अंगणात जन्मला हे मैदान विचारीत नाही. तयारी कोणी केली एवढेच विचारते. आणि परक्या देशातील संघ घडविणारी ती मार्गदर्शक एक महाराष्ट्रीय स्त्री होती, हे आमच्या मुलींनी ध्यानात ठेवावे आणि त्यांच्या आईबापांनी तर अधिकच ध्यानात ठेवावे.

एवढ्या विवेचनानंतर आता तयारीचा प्रत्यक्ष कार्यक्रम मांडतो.

जाण्यापूर्वी सहा आठवडे उरले की आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव मॅटवरच व्हावा. आपल्या गावच्या पटांगणाचा अभिमान असावा, पण जेथे मॅट आहे अशा नवी मुंबईच्या परिसरातील एखाद्या सभागृहात ठरावीक वेळ मागून घ्यावी. बूट आजच घ्यावेत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी घेतलेला नवा बूट पायास फोड आणतो, आणि फोड आलेला चढाईपटू संघास निरुपयोगी ठरतो. आरंभीचे दोन आठवडे केवळ वळणे, थांबणे आणि एका पायावर तोल सांभाळणे एवढेच करावे. पकडीचा जोर नंतर. सामने संध्याकाळनंतर दिव्यांत होणार असल्याने शेवटचा पंधरवडा सरावही त्याच वेळी व्हावा, म्हणजे भूक, झोप आणि अंगाचा उत्साह हे सारे त्या वेळेस जुळून येईल.

कागदपत्रांची एक स्वतंत्र फाइल करावी. जन्माचा दाखला, शाळेचा किंवा महाविद्यालयाचा दाखला, आधारपत्र, छायाचित्रे. वयोगटाच्या स्पर्धांत वजनाची मर्यादा असते. ती आजच पाहून घ्यावी. शेवटच्या दोन दिवसांत उपाशी राहून वजन उतरविणे हे खेळाडूच्या अंगातील शक्ती काढून घेण्यासारखे आहे.

सामन्यांच्या दोन दिवस आधी संघ त्या गावी पोहोचलेला असावा. रात्रभर गाडीत अवघडून बसावयाचे, सकाळी उतरावयाचे आणि दुपारी मैदानात उभे राहावयाचे, हे होता कामा नये. शिवाय पनवेलची हवा दमट. घाटावर हिवाळ्याच्या रात्री कोरडी थंडी पडते. तेथे अंग तापण्यास अधिक वेळ लागतो. येथे दहा मिनिटे पुरत असतील तर तेथे वीस धरावीत. खाण्यात नवे प्रयोग नकोत. जे घरी पचते तेच तेथे खावे. बाजारातील चमचमीत पदार्थ परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावेत.

पोहोचल्यावर आयोजकांची रीतसर परवानगी घेऊन मैदान रिकामे असता तेथे जावे. प्रथम अनवाणी पायाने सारी मॅट फिरावी. जोड कोठे आहेत, कोणता कोपरा उचललेला आहे, कोठे खाली पोकळ वाटते, हे पहावे. मग बूट घालून हळू वळून पहावे. दिव्याची तिरीप चढाईहून परतताना डोळ्यांवर कोणत्या बाजूने येते? मैदानाच्या कडेपासून भिंत किंवा खुर्च्या किती अंतरावर आहेत? सभागृहात आवाज घुमतो, तर पंचांची शिटी आणि कर्णधाराचा शब्द ऐकू येतो काय? राहण्याच्या जागेपासून मैदानापर्यंत किती वेळ लागतो? पिण्याचे पाणी कोठे, मुलींसाठी कपडे बदलण्याची व स्वच्छतागृहाची सोय कोठे? ह्यांतील प्रत्येक गोष्ट क्षुल्लक वाटते. पण सामन्याच्या वेळी ती प्रथमच कळली तर मन विचलित करण्यास पुरेशी होते. हे सारे वहीत लिहावे. दुसऱ्या गावी पोहोचल्यावर हीच रीत पुन्हा पाळावी. एक मैदान पाहिले म्हणून दुसरे ठाऊक झाले असे मानू नये.

आपला सामना नसेल त्या वेळी बाजारात न हिंडता दुसऱ्यांचे सामने पहावेत. खेळाडूपेक्षा पंच पहावेत: ते कोणत्या चुकीवर कडक आहेत, कोठे सूट देतात. पंचांशी बोलावयाचे ते केवळ कर्णधाराने, आणि तेही सौम्य शब्दांत. आपल्या एका मुलाच्या उद्धटपणाने साऱ्या समाजाचे नाव घेतले जाते, हे सांगावयास नकोच.

प्रत्यक्ष खेळात पहिली पाच मिनिटे मैदानास द्यावीत. ह्या पाच मिनिटांत ज्या चढाया आणि ज्या पकडी हमखास साधतात, तेवढ्याच कराव्या. प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी केलेली झेप घरच्या मैदानावर शोभते. परक्या मैदानावर ती महाग पडते. पाय स्थिरावले की मग धैर्य दाखवावे, आणि ते पुरेपूर दाखवावे.

परतल्यावर तीन दिवसांच्या आत सर्व खेळाडूंनी एकत्र बसून वही पुरी करावी. काय कठीण गेले, काय साधले, पुढच्या संघाने कोणती गोष्ट आधीपासून करावी. ही वही संस्थेच्या वाचनालयात ठेवावी. हे खेळाडू उद्या नोकरीव्यवसायास लागतील, मुली सासरी जातील. परंतु वही राहील, आणि पारशी समाजाप्रमाणे आपल्याही समाजाचा अनुभव समाजापाशी राहील.

आता खर्चाविषयी. दोन दिवस आधी जाण्याने निवासाचा खर्च वाढतो, हे आम्ही जाणून आहो. परंतु ज्ञातिसंस्था कशासाठी असते? घाटावरील गावांतूनही आपल्या समाजाची घरे आहेत. मुलामुलींस चार-चारच्या गटांनी आपल्या घरी उतरवून घ्यावे, अशी विनंती त्या कुटुंबांस ह्या स्मरणिकेद्वारे आम्ही करीत आहो. घरचे जेवण, ओळखीची भाषा आणि वेळेवर झोप ही तिन्ही त्यांना तेथे मिळतील, आणि निवासाचा बराचसा खर्च वाचेल. मुलींच्या संघाबरोबर समाजातील दोन अनुभवी भगिनी जातील. ज्यांची इच्छा असेल त्यांनी आजच नाव द्यावे. अभ्यासाची काळजी करणाऱ्या पालकांस आम्ही एवढेच सांगतो की, पुस्तके बरोबर न्यावीत आणि सकाळचे दोन तास अभ्यासाचे म्हणून राखून ठेवावेत. ते आम्ही पाळवून घेऊ.

पालकांस आणखी एक प्रार्थना. मुले परत येतील तेव्हा दारातच 'जिंकलात का?' असे विचारू नका. 'मैदान कसे होते?' असे विचारा. ज्या मुलास हा प्रश्न विचारला जाईल, तो पुढच्या खेपेस डोळे उघडे ठेवून जाईल. ज्यास केवळ निकाल विचारला जाईल, तो हरण्याच्या भीतीने परक्या मैदानावर जाण्याचेच टाळील, आणि आयुष्यभर आपल्याच पटांगणाचा राजा म्हणून राहील. पटांगणे बदलणे आता कोणास चुकणार आहे? एके काळी खाडीतून गलबते ये-जा करणारे पनवेल हे लहानसे बंदर होते. 1852 मध्ये येथे नगरपालिका आली, 2016 मध्ये महानगरपालिका झाली. आपल्या मुलांस शिक्षणासाठी, नोकरीसाठी, व्यापारासाठी परक्या अंगणात पाऊल टाकावेच लागणार आहे. आधी पायाने चाचपून पाहण्याची आणि एका पराभवाने न खचण्याची विद्या त्यांना कबड्डीच्या मॅटवर स्वस्तात मिळत असेल, तर ती मिळू द्यावी.

म्हणून मंडळास आमची विनंती अशी की, ठरावाचा उत्तरार्ध बदलून तो पुढीलप्रमाणे करावा: 'संस्थेने दोन्ही संघांच्या सलग दोन वर्षांच्या खर्चाची तरतूद करावी, पहिल्या वर्षानंतर निकालाऐवजी संघाची टिपणवही मंडळापुढे ठेवण्यात यावी, आणि दुसऱ्या वर्षानंतर पुढील विचार व्हावा.' दोन वर्षांनंतर आपण आम्हांस जाब विचारावा. तो देण्यास आम्ही बांधलेले राहू.

तरुण मित्रांनो, तुम्ही जाल तेव्हा ह्या समाजाचा आशीर्वाद तुमच्या पाठीशी आहे. जिंकून आलात तर मिरवणूक काढूच. हरून आलात तरी वही कोरी आणू नका, एवढेच आमचे मागणे.